क्षमा केली, मग न्याय मागावा का?

नाताळाच्या गीतफेरीचे दिवस होते. २०२४ सालच्या डिसेंबरातील एक थंड संध्याकाळ. इंदुरात आम्हा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची संख्या मोजकी. त्यामुळे आमची गीतफेरी म्हणजे पंधरावीस मुले, एक ढोलकी, झांजांचा एक जोड आणि मागून गप्पा मारीत चालणारे आम्ही पालक. मंडळीतील एका ज्येष्ठ वडिलांच्या बंगल्याचे फाटक उघडले गेले, ओसरीवरचा दिवा लागला, मुलांनी गीताला सुरुवात केली आणि त्याच क्षणी आतून त्यांचा अल्सेशियन कुत्रा बाहेर झेपावला. त्या दिवशी त्याला साखळीने बांधलेले नव्हते. सर्वांत पुढे उभी असलेली माझी नऊ वर्षांची मुलगी त्याच्या धक्क्याने खाली पडली. त्याला ओढून बाजूला करीपर्यंत फार तर अर्धा मिनिट गेला असेल. पण तेवढ्यात तिच्या डाव्या गालावर, दंडावर आणि मनगटावर खोल जखमा झाल्या होत्या.

कोणी हळद आणायला धावले, कोणी चुना लावा म्हणाले. आमच्या मंडळीतील एका निवृत्त परिचारिका बाईंनी सर्वांना दूर सारले, मुलीला अंगणातील नळाखाली बसविले आणि साबण लावून, घड्याळाकडे पाहत, पूर्ण पंधरा मिनिटे त्या जखमा धुतल्या. पुढे डॉक्टर म्हणाले की, हाच पहिला आणि फार मोठा उपचार होता. पहिल्या रुग्णालयात लस होती, पण रक्त आलेल्या जखमांत भरावयाचे प्रतिद्रव्य नव्हते. दुसऱ्या ठिकाणी ते मिळेपर्यंत मध्यरात्र उलटली. चेहऱ्यावरची जखम मेंदूला जवळ, म्हणून उशीर करून चालत नाही, एवढेच त्या रात्री मला कळत होते. नंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी लस झाली. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर आणि पूर्ण उपचार झाले, तर तो रोग जवळजवळ नेहमीच टळतो. १८८५ सालच्या जुलै महिन्यात पॅरिस येथे लुई पाश्चर यांनी ज्या जोसेफ माइस्टर नावाच्या मुलाला ही लस दिली, तोही नऊच वर्षांचा होता. त्या अठ्ठावीस दिवसांत त्या अनोळखी मुलाच्या आईची आठवण मला कितीदा झाली, हे सांगता येणार नाही.

मुलगी वाचली. देवाचे उपकार मानावे तेवढे थोडेच आहेत. परंतु या लेखाचा विषय तो नाही. विषय आहे तो चौथ्या दिवशी आमच्या दारात येऊन उभा राहिलेला प्रश्न.

चौथा दिवस

चौथ्या दिवशी ते वडील फळांची करंडी घेऊन आले. मी त्यांना लहानपणापासून काका म्हणत आलो आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते खोटे नव्हते. ते म्हणाले, “मुक्या जनावराला काय कळतं? परमेश्वरानं पोरीला राखलं. आता मनात काही ठेवू नका. आपण ख्रिस्ती माणसं, क्षमा करणं हाच आपला धर्म.” त्यांच्यामागून पाळकसाहेब आले. त्यांनीही हळुवारपणे तेच सांगितले आणि पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाची आठवण करून दिली. भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जाणे ख्रिस्ती मंडळीला शोभत नाही, असा त्यांचा अभिप्राय.

मी मान डोलावली. “क्षमा केली, काका,” असे बोललोही. ते गेल्यावर माझी पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “चावा तुम्हांला नाही बसला. क्षमा करणारे तुम्ही कोण?”

त्या एका वाक्याने माझी झोप उडविली. दुसऱ्याच्या जखमेची क्षमा आपण परस्पर देऊ शकतो का? बापाला मुलीच्या वतीने पुष्कळ गोष्टी करता येतात. तिची फी भरता येते, तिच्यासाठी रडताही येते. पण तिच्या गालावरचा व्रण माफ करण्याचा अधिकार मला कोणी दिला? मी दिलेली क्षमा ही क्षमा होती, की मंडळीतील एका मोठ्या माणसाशी वाकडेपणा नको म्हणून काढलेली सोयीची वाट? मी स्वतःशी प्रामाणिक राहिलो, तर उत्तर दुसरेच होते.

बैलाचा नियम

अशा वेळी मनुष्य पवित्र शास्त्राकडे वळतो. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात एक नियम आहे, जो आपण बहुधा भराभर वाचून पुढे जातो. एखाद्याच्या बैलाने शिंग मारून माणसाचा जीव घेतला, तर बैल मारला जावा. धनी मात्र निर्दोष समजावा. परंतु तो बैल पूर्वीपासून मारका असेल, धन्याला तशी सूचना मिळालेली असेल आणि तरीही त्याने त्याला बांधून ठेवले नसेल, तर मृत्यूची जबाबदारी धन्यावर येते. त्याच्या जिवाबद्दल खंडणी ठरविण्याची मोकळीक आहे, पण तो मोकळा सुटत नाही. आणि पुढे लगेच म्हटले आहे की, बैलाने मुलाला मारले असो वा मुलीला, नियम तोच. मुलीचा उल्लेख तेथे वेगळा केलेला आहे, हे त्या रात्री मी प्रथमच लक्षपूर्वक वाचले.

हा विचार फक्त इस्राएलाचा नव्हता. हम्मुराबीच्या संहितेत मारक्या बैलाचा जवळजवळ असाच नियम आहे. त्याहीपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या एश्नुन्ना येथील कायद्यांत तर चक्क कुत्राच आहे. हे कायदे कोरलेल्या मातीच्या वीटा १९४० च्या दशकात बगदादजवळील तेल हरमल येथे सापडल्या. कुत्रा घातकी आहे असे अधिकाऱ्यांनी धन्याला कळविले, तरी त्याने तो आवरला नाही आणि त्याच्या चाव्याने माणूस मेला, तर धन्याने चाळीस शेकेल चांदी भरावी, असे तेथे लिहिले आहे. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी एक बाप आपल्या लेकराची जखम बांधीत होता आणि एक धनी म्हणत होता, जनावराला काय कळतं! त्या दोघांमध्ये कोणीतरी उभे राहून एकच प्रश्न विचारला : तुला आधी कळविले होते का?

आपल्या देशाचा कायदाही हाच प्रश्न विचारतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम २८९ आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ यांचा आशय एकच आहे. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना जाणूनबुजून वा हयगयीने पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षा फार मोठी नाही. पण दोष कोठे आहे, हे कायदा नेमके दाखवितो. दोष दातांत नाही, न बांधलेल्या साखळीत आहे.

दूधवाल्याचा पाय

येथे मला माझीच कबुली दिली पाहिजे. हा कुत्रा मारका आहे हे ठाऊक होते. त्याच वर्षी पावसाळ्यात त्याने आमच्या गल्लीतील दूधवाल्याच्या पोटरीला चावा घेतला होता. मी आमच्या सज्जातून तो प्रसंग पाहिला होता. सायकल आडवी झालेली, दूध चिखलात सांडलेले. काकांनी आतून येऊन त्याच्या हातात शंभर रुपयांची नोट ठेवली आणि दरवाजा बंद झाला. मी त्या दिवशी खाली उतरलो नाही. संध्याकाळी जेवताना हा किस्सा मी घरात सांगितला, तोही थोडासा हसत. आमच्या मुलीने तो ऐकला होता.

धन्याला सूचना देणारा कोणीतरी असावा लागतो. निर्गमातील नियमाची ती पहिली पायरी आहे. बैल मारका असल्याचे गावाला ठाऊक असून गाव गप्प बसले, तर धनी एकटाच दोषी राहत नाही. दूधवाला आमच्या मंडळीचा नव्हता, आमच्या भाषेचा नव्हता, आमच्यासारखा शिकलेलाही नव्हता. त्याच्या पायाची किंमत शंभर रुपये ठरली आणि ती मला रास्त वाटली. माझ्या मुलीच्या गालाची किंमत ठरवायची वेळ आली, तेव्हा मला न्याय आठवला.

साक्षीसाठी मी त्याच्या घरी गेलो. त्याने बसायला खाट दिली, चहा मागविला. मी पावसाळ्यातील गोष्ट काढली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “साहेब, त्या दिवशी तुम्ही वर सज्जात उभे होता.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी ज्याची क्षमा मागावी असा एक माणूस माझ्यासमोर बसला आहे, हे मला तेथे कळले. आणि क्षमा मागताना ‘जाऊ द्या, झाले ते झाले’ हे शब्द किती निरुपयोगी असतात, तेही कळले. त्याला माझ्याकडून हवे होते ते एवढेच : जे घडले ते घडले होते, असे मी उघडपणे म्हणावे. लस त्याने स्वतःच्या पैशाने पूर्ण केली होती. त्या पाचही दिवशी दुधाची फेरी बुडाली होती.

क्षमा म्हणजे विसर नव्हे

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने पेत्राला सत्तर वेळा सात या मापाने क्षमा करण्यास शिकविले, हे आपल्याला पाठ असते. त्याच अध्यायात, त्या शिकवणीच्या अगदी आधी, प्रभूने आणखी एक क्रम सांगितला आहे, तो आपण विसरतो. भावाने अपराध केला, तर प्रथम एकांतात त्याच्याकडे जा आणि त्याचा दोष त्याला दाखव. ऐकले नाही, तर एकदोघांना बरोबर ने, म्हणजे साक्षीने बोलणे होईल. तरीही ऐकले नाही, तर मंडळीला सांग. म्हणजे दोष दाखविणे आणि क्षमा करणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत, असे प्रभूला वाटत नव्हते. ज्याचा दोष कधी उच्चारलाच नाही, त्याला क्षमा तरी कशाची करावयाची? अनामिक क्षमा ही पत्ता न लिहिलेल्या पाकिटासारखी असते. ती कोणाकडेच पोहोचत नाही.

जक्कयाची गोष्ट आपण लहान मुलांना झाडावर चढण्याच्या गमतीसाठी सांगतो. पण लूकने ती सांगितली ती जक्कयाने उभे राहून केलेल्या हिशेबासाठी. अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे त्याने कबूल केले, आणि त्यानंतर प्रभूने त्या घराला तारण झाल्याचे जाहीर केले. भरपाई ही क्षमेची किंमत नव्हे, हे खरे. क्षमा विकत मिळत नाही. पण भरपाई ही पश्चात्तापाची भाषा आहे. मुखाने पश्चात्ताप आणि हाताने टाळाटाळ असेल, तर समोरच्याने कशावर विश्वास ठेवावा?

आता पौलाच्या त्या सहाव्या अध्यायाकडे येऊ. पौल करिंथकरांना रागे भरतो, हे निश्चित. परंतु त्याचा राग कशावर आहे? आपसांतील व्यवहारांचा निवाडा करू शकेल असा एकही सुज्ञ मनुष्य तुमच्यात नाही काय, असे तो त्यांना लाजविण्यासाठी विचारतो. दुबळ्याने तक्रारच करू नये, असे सांगून तो थांबत नाही; मंडळीने स्वतः न्याय करावा, हा त्याचा आग्रह आहे. अन्याय सोसून घेण्याची गोष्ट तो पुढे काढतो, ती भांडणाऱ्या दोघांना उद्देशून. आपल्या हक्कावर मी पाणी सोडावे, हे पौलाचे म्हणणे मला मान्य आहे. पण माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या किंवा दूधवाल्याच्या हक्कावर मी पाणी सोडावे, असे त्याने कोठे म्हटले आहे? आणि तोच पौल फिलिप्पैत विनाचौकशी फटके मारून गुपचूप सोडून देऊ पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणतो की, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावे. तोच पौल पुढे कैसरापाशी न्याय मागतो. तो सूडासाठी तसे करीत नव्हता. उद्या त्याच शहरात राहणाऱ्या नव्या बंधुभगिनींना कोणी असेच फटके मारू नयेत, हाही लाभ त्यात होता.

सूड आणि न्याय यांतील भेद मला असा दिसतो. सूडाची नजर मागे असते. समोरच्यालाही तेवढेच दुखावे, एवढेच त्याला हवे असते. न्यायाची नजर मागेही असते आणि पुढेही असते. झालेले नुकसान भरून यावे, आणि त्या फाटकासमोर उभे राहणारे पुढचे लेकरू सुरक्षित असावे, या दोन्ही गोष्टी त्याला हव्या असतात. स्वतःची परीक्षा घेण्यासाठी मी एक प्रश्न ठरवून घेतला : उद्या काकांनी खर्च दिला, कुत्र्याचा नीट बंदोबस्त केला आणि चूक कबूल केली, तर त्यांना शिक्षा झाली नाही म्हणून मला हळहळ वाटेल का? पहिल्या आठवड्यात उत्तर ‘होय’ होते. त्या आठवड्यात मी तक्रार केली नाही, हे बरे झाले.

त्या कुत्र्याचे काय?

मंडळीतील काही तरुण म्हणाले, कुत्र्याला गोळी घालावी. मला ते पटले नाही. दहा दिवस त्याला निरीक्षणाखाली ठेवले. तो निरोगी निघाला. पण त्याच्या लसीचे पुस्तक पाहिले, तेव्हा दोन वर्षे लस झालेली नव्हती असे आढळले. दिवसभर आखूड साखळीला बांधलेले, कोणाशी संबंध नसलेले जनावर रात्री चोराला घाबरविण्यासाठी मोकळे सोडले जात होते. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे. ज्याने आपल्या कुत्र्याला माणसाळविले नाही, त्याने एकाच वेळी दोघांचा अपराध केला, माणसाचाही आणि कुत्र्याचाही.

हा विचार रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही लागू पडतो. तेथे धनी कोणीच नसतो, म्हणून प्रश्न अधिक अवघड होतो. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आणि त्यांत मोठा वाटा मुलांचा असतो. झोपडपट्टीतील, रेल्वे रुळांलगतच्या वस्तीतील मूल चावले गेले, तर त्याचा बाप कोणाच्या दारात जाणार? न्यायालयांनी या दिशेने काही पावले टाकली आहेत. केरळातील पीडितांच्या भरपाईसाठी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ साली प्रत्येक दातामागे किमान दहा हजार रुपये अशी भरपाईची रीत घालून दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. अकराच दिवसांनी तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर परत सोडण्यास सांगितले. आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातून कुत्री हटविण्याचा आदेश दिला. या आदेशांवरून घरोघर दोन तट पडले. एक तट दयेचा, दुसरा भीतीचा.

मला वाटते, ख्रिस्ती माणसाने यांपैकी एक तट निवडण्याची घाई करू नये. उपाशी कुत्र्याला भाकरी टाकणे ही दया आहे. पण त्याला लस टोचली आहे की नाही याची फिकीर न करता रोज शाळेच्या दाराशी भाकरी टाकणे, ही दुसऱ्याच्या लेकराच्या जिवावर केलेली दया आहे. तसेच, विष घालून कुत्री मारणे हा न्याय नव्हे; तो क्रूरपणा आहे आणि त्याने रोगही हटत नाही. गोव्यात वर्षानुवर्षे घरोघर आणि गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचण्यात आली, शाळांतून मुलांना शिकविण्यात आले. तीन वर्षांत माणसाच्या रेबीजची एकही घटना घडली नाही, असे तेथील सरकारने २०२१ साली सांगितले. दया आणि न्याय यांची तेथे गाठ पडली, ती भाषणांत नव्हे, लसीच्या पेटीत.

भीतीची सोबत

जखमा दीड महिन्यात भरल्या. भीती भरली नाही. मुलगी झोपेत दचकून उठे. शाळेची वाट त्या बंगल्यावरून जात असे, म्हणून आम्ही लांबचा रस्ता धरला. एकदा तिने विचारले, “बाबा, तो तिथंच आहे का अजून?” न्यायाची तिची सगळी कल्पना त्या प्रश्नात होती. पैसे नकोत, शिक्षा नको. आपल्या गल्लीतून चालता यावे.

काही भल्या माणसांनी तिला सांगितले, येशूवर विश्वास असेल तर भिऊ नये. हे ऐकून ती अधिकच गप्प झाली, कारण आता भीतीबरोबर अपराधही तिच्या वाट्याला आला. अशा वेळी एलियाची आठवण ठेवावी. प्राणभयाने तो रानात पळाला, झुडुपाखाली पडून मरण मागू लागला. देवाने त्याला विश्वासावर प्रवचन दिले नाही. झोप दिली, भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोप दिली. प्रश्न त्यानंतर विचारला. आम्हीही तसेच केले. दिवा चालू ठेवून झोपलो. एका डॉक्टर बाईंच्या सल्ल्याने प्रथम कुत्र्यांची चित्रे, मग सज्जातून दुरून पाहणे, मग परिचारिका बाईंच्या घरचे म्हातारे, गरीब कुत्रे. कोठेही घाई केली नाही. घडलेली गोष्ट तिला सांगावीशी वाटली, तेव्हा ऐकली; नको वाटली, तेव्हा विषय काढला नाही. ज्यांच्या घरी असा प्रसंग घडला असेल, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे : लेकराच्या भीतीला खोटे ठरवू नका. ती खरी होती. तिला कारण होते.

पुढे काय झाले

प्रभूने सांगितलेल्या क्रमाने मी गेलो. प्रथम एकटा. उपचाराचा खर्च, दुहेरी फाटक व मुसके, कुत्र्याचे लसीकरण, दूधवाल्याची भरपाई आणि मुलीजवळ कबुली, एवढे मागितले. काका खर्चाला तयार झाले, पण म्हणाले, “पोरीनंच त्याला डिवचलं असेल.” दुसऱ्यांदा परिचारिका बाई आणि दूधवाला यांना बरोबर घेऊन गेलो. दूधवाल्याला पाहून ते चिडले. मग मंडळीच्या समितीपुढे विषय ठेवला. समितीने प्रार्थना केली आणि विषय पुढच्या बैठकीवर टाकला. पुढच्या बैठकीतही तसेच झाले. त्यानंतर मी महानगरपालिकेला आणि पोलीस ठाण्याला लेखी तक्रार दिली. त्यात दूधवाल्याची घटना पहिल्या क्रमांकावर लिहिली, आणि ती मी स्वतः पाहिली होती व गप्प राहिलो होतो, हेही लिहिले.

पाळकसाहेबांना वाईट वाटले. काही घरांचे आमच्याकडे येणे थांबले. ही किंमत लहान नव्हे. परप्रांतात आपल्या भाषेत प्रार्थना करणारी माणसे किती थोडी असतात, हे तेथे राहणाऱ्यालाच कळते. मी योग्य तेच केले, असे आजही मी छातीठोकपणे म्हणत नाही. मंडळीने आपले काम केले असते, तर मला ठाण्याची पायरी चढावी लागली नसती, एवढे मात्र म्हणतो.

फाटक आता दुहेरी आहे. कुत्र्याला लस झाली आहे आणि रोज सकाळी एक शिकविणारा माणूस त्याला मुसके बांधून फिरवून आणतो. दूधवाल्याला त्याचे पैसे मिळाले. कबुली मात्र बराच काळ मिळाली नाही. मग पुनरुत्थानाच्या सणानंतर एका रविवारी, उपासना संपल्यावर, काका काठी टेकीत आमच्या बाकाजवळ आले. माझ्याशी बोलले नाहीत. मुलीसमोर थोडे वाकून म्हणाले, “बाळ, मी साखळी बांधायला हवी होती.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही; या वेळी उत्तर माझे नव्हते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “आता रोज बांधता ना?”

ते म्हणाले, “रोज.”

क्षमा केली, असे ती म्हणाली नाही. मीही तिला म्हणायला लावले नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना ती लांबच्या रस्त्याकडे वळली नाही. माझा हात घट्ट धरून, फाटकाच्या कडीकडे नीट पाहत, ती त्या बंगल्यावरून गेली.